सणाचे काम राहून गेले, तर बोल कुणाला लागतो?

मोरपंखी (धागाकर्ती)

सणाची कामे घरातल्या सर्वांनी वाटून घ्यावीत, या म्हणण्याला उघडपणे विरोध करणारा माणूस आता क्वचितच भेटतो. तरीही सण उरकल्यावर अंगदुखीने आणि थकव्याने निजून राहणारी व्यक्ती बहुतेक घरांत बाईच असते. एवढे एकमत असूनही चित्र का बदलत नाही, यावर विचार करताना मला वाटू लागले आहे की आपण वाटणीचे मापच चुकीचे घेतो. कोणी किती कामे केली हे आपण मोजतो. एखादे काम राहून गेले तर बोल कुणाला लागतो, हे मोजत नाही. माझ्या मते ज्याला बोल लागतो त्याचेच ते काम असते, मग प्रत्यक्षात हात कुणाचेही लागोत.

समजा, घरात पाहुणे जमले आहेत. त्यांच्यासाठी खोली आणि न्हाणीघर आवरण्याचे काम नवऱ्याने आपणहून अंगावर घेतले होते आणि ते मनापासून केलेही होते. फक्त हात पुसायला टॉवेल ठेवायचा राहिला. आत्या ओले हात तसेच धरून बाहेर येते, दिवाणखान्यात बसलेल्या भाच्याला ओलांडून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जाते आणि सुनेला विचारते, “अगं, टॉवेल कुठे ठेवलायस?” आत्याच्या मनात काही वाईट नसते, भाच्याला त्यात काही खटकत नाही आणि सून गॅस बारीक करून टॉवेल काढायला जाते. तिघांपैकी कुणीही कुणावर अन्याय करायचा म्हणून वागलेले नाही, पण ते काम मुळात कुणाचे होते याचा निवाडा त्या एका प्रश्नात होऊन गेलेला असतो. पुढच्या वेळी नवऱ्याने कितीही नीट आवरले, तरी ती एकदा आत डोकावून येणारच, कारण काही उणे राहिले तर विचारणा तिच्याकडेच होणार आहे. हे डोकावून येणे कामांच्या कुठल्याही यादीत लिहिले जात नाही.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांशी बोलून २०१९ मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात घरकामामागच्या विचारकामाचे चार टप्पे सांगितले आहेत: काय लागणार हे आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि ठरल्याप्रमाणे होते आहे ना यावर लक्ष ठेवणे. निर्णय घेण्याचा टप्पा ही जोडपी बऱ्यापैकी मिळून पार पाडत होती, पण पहिला आणि शेवटचा टप्पा मुख्यतः बायकांकडे होता. सणाच्या बाबतीत हे फार जाणवते. कुणाला बोलवायचे आणि किती खर्च करायचा हे दोघे मिळून ठरवतात. मात्र ज्यांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी खुर्ची हवी, जास्तीची पांघरुणे आधी धुऊन वाळवायला हवीत, ही आठवण महिनाभर आधीपासून एकाच डोक्यात जागी असते.

आणखी एक बाब आहे, ती वेळेची. सणात पुरुषांकडे सहसा जाणारी कामे, म्हणजे सामान आणणे, रोषणाई करणे, उंचावरची साफसफाई, ही बहुतेक सणाच्या आधी होतात, थोडी मागेपुढे करता येतात आणि एकदा झाली की झाली. बायकांकडे जाणारी कामे नेमकी सण चालू असताना करायची असतात, घड्याळाला बांधलेली असतात आणि झाल्या झाल्या पुसली जातात. जेवणे उरकली की भांड्यांचा ढीग, आणि भांडी होतात तोवर पुढच्या चहाची वेळ. त्यामुळे दोघांनी सारखेच तास काम केले, तरी एकाला सण अनुभवायला मिळतो आणि दुसरीला तो पार पाडावा लागतो.

तुमच्या घरांत हे कसे चालते, कुठे काही बदलले का, आणि बदलले असेल तर कशामुळे, हे वाचायला आवडेल. माझ्याशी असहमत असणाऱ्यांनीही जरूर लिहावे.

पायवाट

मोरपंखीताई, तुमचा मूळ मुद्दा मला पटतो, पण चित्राचा अर्धा भाग तुम्ही झटकन मागे टाकला आहे असे वाटते. पुरुषांची कामे मागेपुढे करता येतात असे तुम्ही लिहिले आहे. रात्री उशिरा येणाऱ्या पाहुण्यांना आणायला जाणे, कुणाची तब्येत बिघडली तर गाडी काढणे, ऐन वेळी दिवे गेले तर शिडीवर चढणे, ही कामे सांगून येत नाहीत आणि घरातल्या पुरुषाने ती करावीत हे गृहीत धरलेले असते. त्याहून मोठे ओझे खर्चाचे आहे. ज्या घरांत दोघेही कमावतात तिथेसुद्धा सणाच्या खर्चात हात आखडला, तर नातेवाईक बोल पुरुषालाच लावतात. भेटवस्तू हलकी निघाली तर त्याची कमाई काढली जाते. तुमचेच माप लावायचे, तर हे काम त्याचे ठरते आणि महिनाभर आधीपासून त्याच्याही डोक्यात ते जागे असते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मला स्वयंपाक येतो आणि आवडतोही. एरवी मी ओट्याशी उभा असलो तर कुणाला काही वाटत नाही, पण सणाला मोठे काका आणि त्यांचे जावई आले की मला हाताला धरून बाहेर नेले जाते. “तू इथे काय करतोस, चल बाहेर, बायकांना त्यांचे करू दे,” असे प्रेमाने म्हटले जाते. आत थांबलो तर बाहेरच्यांना अपमान वाटतो, बाहेर गेलो तर आतल्यांवर भार पडतो. एरवी हळूहळू बदललेले घर सणाच्या दिवशी एका पिढीने मागे जाते, कारण त्या दिवशी ते सर्वांच्या नजरेसमोर असते. या नजरेबद्दल काही बोलल्याशिवाय केवळ घरातल्या घरात वाटणी करून उपयोग होणार नाही.

दवबिंदू

पायवाट यांचा नजरेचा मुद्दा अगदी योग्य आहे. मला यात आणखी एका कामाची भर घालायची आहे, जे काम म्हणून ओळखलेही जात नाही. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ मिकाएला दी लिओनार्डो यांनी १९८७ मध्ये एक निबंध लिहिला होता. उत्तर कॅलिफोर्नियातील इटालियन वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांना दिसले की घराघरांतील नाती जिवंत ठेवण्याचे काम, म्हणजे पत्रे, फोन, भेटवस्तू, शुभेच्छापत्रे, सणाला एकत्र जमण्याची जुळवाजुळव, हे जवळजवळ सर्वस्वी बायका करत होत्या, आणि त्यात नवऱ्याच्या नातेवाइकांची नातीसुद्धा आली. जिथे घटस्फोट झाला किंवा आई वारली, तिथे हे काम कुणी उचलले नाही आणि येणेजाणे थांबत गेले.

सण हा या कामाचा हंगाम असतो. कोणत्या दोन भावांमध्ये अबोला आहे आणि त्यांना शेजारी बसवायचे नाही, कुणाच्या घरी यंदा दुःख झाले आहे म्हणून तिथे फोन आधी करायचा आणि आवाज जपून बोलायचे, कोणत्या मुलाला गेल्या वेळी दिलेली भेट लहान पडली होती, हे सगळे लक्षात ठेवावे लागते. माझ्या एका परिचित गृहस्थांच्या पत्नी गेल्या. पहिल्याच सणाला त्यांच्या लक्षात आले की स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या मुलांची वये त्यांना ठाऊक नाहीत आणि पुतण्याशी आपण एकट्याने कधी बोललोच नव्हतो. सर्व नाती पत्नीच्या हातून येत होती. त्यांना एकटेपणा आला तो केवळ ती गेल्याचा नव्हता, इतरांपर्यंत जाण्याची वाटच त्यांनी कधी तुडवली नव्हती. म्हणून मला वाटते की हे काम पुरुषांनी घेणे हे त्यांच्यासाठीही तितकेच गरजेचे आहे. आपल्या बाजूच्या नातेवाइकांना आमंत्रण, त्यांच्या भेटी, त्यांची विचारपूस ज्याने त्याने करावी, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.

मध्यमलय

मी सत्तरी ओलांडलेली आहे आणि या चर्चेत ज्यांच्याविषयी सहसा तक्रार असते त्यांपैकी एक आहे, म्हणजे सणाला स्वयंपाकघराचा ताबा न सोडणारी सासू. माझी बाजू मांडावीशी वाटते, ती रागाने नव्हे.

तुम्ही सगळे ओझ्याविषयी लिहीत आहात आणि ते ओझे खरेच आहे, माझ्या मनगटांना ते ठाऊक आहे. पण ज्या काळात आम्ही संसार केले, त्या काळात घर कोणत्या गावात घ्यायचे, मुलांना काय शिकवायचे, पैसे कुठे ठेवायचे, यांतले काहीही आम्हाला विचारून झाले नाही. वर्षातले हे मोजके दिवस असे असत की सगळे घर माझ्या शब्दावर चाले. किती माणसांचे करायचे, आधी काय, मग काय, कुणी काय आणायचे, हे मी सांगायची आणि एरवी माझे न ऐकणारी माणसे त्या दिवशी ऐकायची. जेवून उठताना कुणी “वहिनी, तुमच्या हाताला चव आहे” असे म्हटले, की तेच माझे प्रमाणपत्र असे. आता सून म्हणते, आई, तुम्ही बसा, आम्ही करतो. तिचा हेतू चांगलाच आहे. मुलगाही ओट्याशी येतो, भाज्या चिरतो, मला त्याचे कौतुक वाटते. पण मी बसायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मला कुणी सांगत नाही. माझ्याकडून काम काढून घेताना माझा मानही त्याबरोबर जातो, आणि त्याच्या जागी दुसरे काही दिले जात नाही. घरातल्या व्यवहारात मला कुणी आजही विचारत नाही. म्हणून मी पळी हातातून सोडत नाही.

मोरपंखी

मध्यमलयकाकू, तुमच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. वाटणीविषयी बोलताना हा भाग जवळजवळ नेहमी सुटतो. आईच्या भूमिकेवर संशोधन करणाऱ्या सारा ॲलन आणि ॲलन हॉकिन्स या अभ्यासकांनी १९९९ मध्ये दाखवले होते की काही स्त्रिया घरकामाची मानके स्वतःच ठरवून, नवऱ्याने केलेले काम पुन्हा करून, त्याला त्या कामापासून नकळत दूर ठेवतात. हे वाचून अनेक जण लगेच म्हणतात, पाहा, बायकाच सोडत नाहीत. पण ज्या व्यक्तीला प्रतिष्ठेची एकच जागा मिळाली आहे, ती व्यक्ती ती जागा धरून ठेवणार, हे सरळ आहे. त्यामुळे तुमच्या हातातली पळी घेण्याआधी घरातल्या बाकीच्या निर्णयांत तुम्हाला जागा देणे, ही त्या घराची पहिली पायरी असायला हवी. यात सुनेला एकटीला काही करता येणार नाही. हे मुलाने आणि त्याच्या वडिलांनी करायचे काम आहे.

पायवाट, खर्चाविषयीचे तुमचे म्हणणे मी मान्य करते. बोल कुणाला लागतो हेच माप असेल, तर ते दोन्ही बाजूंना लागू पडले पाहिजे. सणाचा खर्च किती, हे घरातल्या सर्व कमावत्या आणि न कमावत्या मोठ्या माणसांनी एकत्र ठरवावे आणि नातेवाइकांनी विचारले तर “आम्ही सर्वांनी ठरवले” असे बाईने पुढे होऊन सांगावे. तिथे नवऱ्याला एकटा पाडू नये.

मात्र दोन्ही ओझी सारखीच आहेत, असे मी म्हणणार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालात ६४ देशांची आकडेवारी आहे. त्यानुसार घरकाम आणि देखभालीच्या बिनमोबदला कामाच्या एकूण वेळेपैकी ७६.२ टक्के वेळ स्त्रिया देतात. सरासरीने स्त्रिया रोज ४ तास २५ मिनिटे आणि पुरुष १ तास २३ मिनिटे. हा वर्षभराचा हिशेब आहे. सण या पायावर येऊन बसतो, तेव्हा आधीच झुकलेला तराजू आणखी झुकतो.

तरीही प्रत्येकाला आपलाच वाटा मोठा वाटतो, याचेही कारण समजून घेण्यासारखे आहे. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये कॅनडात नवरा-बायकोंना वेगवेगळे विचारले की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक कामांत पूर्ण वाट्यापेक्षा जास्त भरली. खोटे कुणी बोलत नव्हते. स्वतः केलेले काम सहज आठवते, दुसऱ्याने केलेले डोळ्यांआड राहते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून आठवणीवर वाद घालण्यापेक्षा कामे कागदावर उतरवावीत, असे मी सुचवते. आमच्याकडे घरातल्या प्रत्येकाने आपापली यादी वेगळ्या कागदावर लिहिली आणि मग ते कागद शेजारी शेजारी ठेवले. मुलाच्या कागदावर “साफसफाई” असा एकच शब्द होता. माझ्या कागदावर त्याच कामाच्या जागी पडदे काढणे, धुणे, वाळवणे, इस्त्री करणे, हुक मोजून परत लावणे, तुटलेल्या हुकांची नोंद करून नवे आणणे, अशी लांबलचक रांग होती. त्या दिवशी कुणी कुणाला दोष दिला नाही, कागदच पुरेसे बोलत होते.

आडवळण

माझा अनुभव थोडा निराळा आहे, म्हणून लिहितो. आमच्या घरात वडील, धाकटा भाऊ आणि मी असे तिघेच राहतो. घरात बाई नाही. सण आम्हीही करतो, पाहुणे येतात, स्वयंपाक आम्ही करतो, घर आम्हीच आवरतो. मोरपंखीताईंनी टॉवेलचा दाखला दिला आहे. आमच्याकडे टॉवेल राहिला, तर पाहुणे हसून आपल्या रुमालाला हात पुसतात आणि “तिघे पुरुष मिळून किती करता!” असे कौतुक करून जातात. आमटी खारट झाली तरी कौतुक, ताटे वेगवेगळ्या आकारांची असली तरी कौतुक. माझ्या मावशीच्या घरी यापेक्षा पुष्कळ नीटनेटका सण होतो, आणि तेच पाहुणे तिथून बाहेर पडताना कोपऱ्यात राहिलेल्या धुळीविषयी बोलतात.

या तुलनेतून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की पुरुषांना ही कामे जमत नाहीत, या समजुतीला काही आधार नाही. करायला दुसरे कुणी नसले की ती जमतात, कारण स्वयंपाक आणि आवराआवर ही शिकण्याची कौशल्ये आहेत. दुसरी गोष्ट जरा अधिक टोचणारी आहे. सण कसा झाला पाहिजे याची जी पट्टी आपण लावतो, ती घराला लावलेली नसते, घरातल्या बाईला लावलेली असते. बाई नसली की पट्टी खाली येते आणि तरीही सण आनंदाचाच होतो. मग बाई असलेल्या घरांनीही ती पट्टी थोडी खाली आणायला काय हरकत आहे? कामाची वाटणी करण्याआधी कोणते काम करायचेच नाही, हे ठरवावे. त्या निर्णयाचा बोल मात्र पुरुषाने अंगावर घ्यावा. “यंदा एवढेच करायचे असे मी ठरवले,” हे वाक्य त्याच्या तोंडून आले, तर पाहुण्यांची नजर आपोआप वळते, असे मला वाटते.

रानजाई

इतकी चर्चा वाचून एक व्यावहारिक प्रश्न विचारते. ज्यांना परवडते त्यांनी सणाचे जेवण बाहेरून मागवावे, साफसफाईला माणसे लावावीत आणि मोकळे व्हावे. आम्ही हेच केले आणि घरातली भांडणे थांबली. यात काही चुकीचे आहे का?

दवबिंदू

रानजाई, मला त्यात चुकीचे काही वाटत नाही, फक्त काम कुणाकडे सरकले हे बघायला हवे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात सुमारे ७ कोटी ५६ लाख घरकामगार आहेत आणि त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया आहेत. आपल्या घरातल्या बाईचा भार उतरतो तो बहुधा दुसऱ्या घरातल्या बाईवर, आणि तिच्या घरीही त्याच दिवशी सण असतो. घरकामगारांना आठवड्यात सलग २४ तासांची विश्रांती मिळाली पाहिजे, असे २०११ च्या १८९ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय करारात म्हटले आहे, पण सणाच्या आठवड्यात नेमकी तीच विश्रांती पहिल्यांदा कापली जाते. माणसे लावायची असतील, तर कामे सणाच्या आधी उरकून घ्यावीत, मुख्य दिवशी त्यांना सुट्टी द्यावी आणि जास्तीच्या कामाचे जास्तीचे पैसे न मागता द्यावेत. शिवाय बाहेरून जेवण मागवले, तरी किती माणसांसाठी, कुणाला काय चालत नाही, किती वाजता हवे, उरलेल्याचे काय करायचे, हे ठरवणारे डोके कुणाचे आहे? ते पुन्हा तिचेच असेल, तर हातांचे काम गेले आणि डोक्याचे राहिले.

पायवाट

आडवळण यांचा प्रतिसाद वाचून मला माझ्या अडचणीचे उत्तर अंशतः मिळाले. काकांनी हाताला धरून बाहेर बोलावले की मी आजवर गप्प राहत होतो किंवा गुळमुळीत काहीतरी बोलत होतो. यापुढे “आजचा स्वयंपाक माझ्याकडे आहे, झाला की येतो” असे स्पष्ट सांगण्याचा विचार आहे. “तिला थोडा हात लावतो” असे म्हटले की काम तिचे ठरते आणि मी उपकारकर्ता ठरतो, मग काकांना मला बाहेर नेणे सोपे जाते.

मुलांविषयी मात्र या धाग्यावर कुणी फारसे लिहिले नाही, आणि मला त्याची सर्वांत जास्त काळजी वाटते. जेवणे चालू असताना दहा वर्षांच्या पुतणीला “जा गं, पाणी वाढ” असे पाच जण सांगतात आणि तिच्याच वयाचा माझा मुलगा त्याच वेळी अंगणात खेळत असतो. तिला कुणी मुद्दाम शिकवत नाही आणि त्याला कुणी मुद्दाम वगळत नाही, पण दोघेही शिकत असतात. उलट बाजूला जड पिशवी आली की हाक मुलालाच जाते, मग तो तिच्याहून अशक्त का असेना. मुलीला खिळा ठोकू द्यायचा नाही आणि मुलाला ताट वाढू द्यायचे नाही, हे दोन्ही एकाच मुळाचे आहे. सणाला मोठी माणसे त्यांच्यासमोर कशी वागतात, यातून ती जेवढे उचलतात तेवढे शाळेतल्या धड्यातून उचलणार नाहीत.

मोरपंखी

पायवाट, मुलांचा मुद्दा तुम्ही आणलात हे फार बरे झाले. आमच्याकडे एक साधी पद्धत लागू पडली आहे, ती सांगते. मुलांना सुटे काम सांगायचे नाही, अख्खे काम द्यायचे. “पाणी वाढ” हे सुटे काम झाले. “आज पाण्याचे सगळे तुझ्याकडे” हे अख्खे काम झाले: पेले किती लागतील ते मोजणे, ते पुसून ठेवणे, तांबे भरणे, कुणाला कोमट लागते हे आधी विचारून ठेवणे, शेवटी पेले गोळा करून जागेवर ठेवणे. आणि मुख्य म्हणजे पाहुण्यांना तसे सांगायचे. माझा बारा वर्षांचा भाचा यंदा या कामावर होता. जेवणाच्या मध्यात पेले कमी पडले तेव्हा तो माझ्याकडे आला आणि पेले कुठे आहेत असे विचारू लागला. त्याला वाटत होते की मी उठेन. मी म्हटले, “तुझे काम आहे, कपाट उघडून बघ.” दोन मोठ्या माणसांचे पाणी थोडे उशिरा आले, कुणाचे काही बिघडले नाही, आणि पुढच्या फेरीला त्याने जेवणाआधीच पेले मोजून ठेवले. मोठ्या पुरुषांच्या बाबतीतही हेच करावे लागते. ऐन वेळी त्यांचे अडले की धावून जायचे नाही, आणि हे धावून न जाणे बाईला किती कठीण जाते, हे मी जाणते. पाहुण्यांसमोर उणे दिसू नये म्हणून तिचे पाय आपोआप उचलले जातात.

सर्वांनी एकदम हात थांबवले तर काय होते, याचे एक मोठे उदाहरण इतिहासात आहे. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलँडमधील सुमारे ९० टक्के स्त्रियांनी एका दिवसासाठी घरचे आणि बाहेरचे काम थांबवले, आणि पुरुषांना मुले बरोबर घेऊन कामावर जावे लागले. पुढच्याच वर्षी तिथे समान हक्कांचा कायदा झाला. आपल्या घरात सणाच्या दिवशी संप पुकारावा असे मी सुचवत नाही. सण बिघडावा असे कुणालाच वाटत नाही, आणि बायकांना तर सर्वांत कमी वाटते, म्हणूनच हा प्रश्न इतकी वर्षे दबून राहिला आहे. पण काम थांबल्याशिवाय ते दिसत नाही, हे त्या दिवसाने दाखवले. म्हणून सणाच्या बरेच आधी, कुणी दमलेले नसताना, ही बोलणी व्हावीत असे मला वाटते. सणाच्या रात्री भांडी घासताना काढलेला विषय भांडणावरच जातो.

रानजाई, तुमच्या घरी भांडणे थांबली ही चांगलीच गोष्ट आहे. दवबिंदू यांनी शेवटी विचारलेला प्रश्न एकदा घरात विचारून पाहा.

मध्यमलय

मोरपंखी, तुझा दुसरा प्रतिसाद मी मुलाला वाचून दाखवला. व्यवहारात मला विचारले जात नाही, हे मी या धाग्यावर लिहिले आहे हे कळल्यावर तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला की यंदाचा सणाचा खर्च आपण तिघांनी बसून ठरवू. बघू या कसे जमते ते.

माझ्याकडून मी एवढे ठरवले आहे. मुख्य दिवसाचा स्वयंपाक मीच सांगेन, हात दुसऱ्यांचे चालतील. पाहुण्यांची यादी, त्यांची राहण्याची सोय, भेटवस्तू आणि सणानंतरची आवराआवर मी पूर्णपणे सोडून देते. आवराआवर मुलाने घ्यावी, भेटवस्तू नातवाने आणि नातीने मिळून घ्याव्यात. माझी एकच अट आहे. ज्याने जे काम घेतले, त्याने त्यातले दर वेळी मला विचारायला यायचे नाही. चादरी कोणत्या काढू, मावशींना काय आवडते, डबे कुठे आहेत, हे ज्याचे त्याने शोधावे, मावशींना फोन करून विचारावे, डबे सापडले नाहीत तर नवे आणावेत. आणि पडदे उलटे लागले तरी मी बोलणार नाही, असे मी सुनेसमोर कबूल केले आहे.